बॅगेवरचं कुंकू

"मी बसते. तुमचं होऊ दे सावकाश."

असं म्हणून ती बाई बॅग काउंटरच्या काचेवर ठेवायची, दोन्ही तळव्यांनी ती जरा दाबायची आणि खिडकीजवळच्या सोफ्यावर जाऊन बसायची. पाय जुळवलेले, पाठ ताठ, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. एकदा बसली की दुपारपर्यंत हलणार नाही, हे आम्हाला दुसऱ्याच शनिवारी कळलं.

आधीच सांगून टाकते, मला ती बाई आवडत नव्हती. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. ओळख ना पाळख, आणि दोन मिनिटांत तुमचं गाव, आडनाव, लग्न झालं का, सगळं विचारून मोकळ्या.

गुडगावच्या एका मॉलमध्ये महागड्या बॅगांचं दुकान होतं. तिथे मी तक्रारींच्या टेबलावर होते. पैसे परत मागायला आलेल्या माणसाला गोड बोलून घरी पाठवायचं, हे माझं काम, आणि मला ते उत्तम जमायचं. माझा जन्म दिल्लीतला. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. दुकानात मी कुठली हे कुणी कधी विचारलं नव्हतं. पण छातीवरच्या बिल्ल्यावर आडनाव होतं आणि त्या बाईने पहिल्याच दिवशी ते वाचलं.

"आपलीच की गं तू. कुठली?"

मी हिंदीत म्हटलं, "बताइए मॅडम, क्या प्रॉब्लेम है?"

"मॅडम काय म्हणतेस? काकू म्हण."

मी शेवटपर्यंत म्हटलं नाही.

तिचा नवरा फौजेत सुभेदार होता. दोन महिन्यांनी रिटायर होऊन, कँटोनमेंटमधलं क्वार्टर सोडून दोघं साताऱ्याकडे गावी जाणार होते. एकुलती एक लेक गुडगावात नोकरीला लागली होती, ती इथेच राहणार होती. तिच्या ऑफिसात सगळ्या मुलींकडे भारी बॅगा. आपली पोर त्यांच्यात कमी दिसू नये म्हणून बाईने क्वार्टरमधल्या बायकांचे ब्लाउज शिवून साठवलेले पैसे मोडले आणि आमच्याकडची क्रीम रंगाची चामड्याची बॅग घेतली. बॅगेचं लॉक धड लागत नव्हतं. लावून चार पावलं चाललं की झाकण आपोआप उघडायचं. मेट्रोत लेकीचा फोन खाली पडून फुटला तेव्हा ते ध्यानात आलं.

दोष आमचा होता, बिल्कुल आमचा. तासाभरात मिटायचं काम. पण झाकणाच्या बरोबर मधोमध टिकलीएवढा लाल डाग होता आणि त्याला पिवळी कड होती.

मॅनेजरने बॅग उजेडात धरली आणि मला विचारलं, "ये क्या है?"

तुम्हाला कळलंच असेल. मलाही कळलं होतं. घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे ठेवायची, हळदकुंकू लावायचं, मग वापरायची. माझ्या आईने फ्रिजला लावलंय, स्कूटरला लावलंय, बाबांना ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपलासुद्धा सोडलेलं नाही. या बाईने ओल्या बोटाने ते क्रीम रंगाच्या चामड्यावर टेकवलं होतं. काय म्हणावं.

मी म्हटलं, "पता नहीं सर. कोई लाल रंग लगता है."

मॅनेजर खूश झाला. डाग म्हणजे ग्राहकाने माल खराब केला आणि ग्राहकाने खराब केला म्हणजे पैसे परत नाहीत. मी फॉर्मवर तसं लिहिलं. बाईने पैसे का नाहीत ते विचारलं, मी डागाकडे बोट दाखवलं. ती टेबलावर वाकली आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागली.

"लेक म्हणते, आई, तुझ्या कुंकवानं बॅगेची वाट लागली. ऑफिसात पोरींनी विचारलं म्हणे, हे रक्त कसलं. महिना झाला, माझ्याशी धड बोलत नाही. आता आम्ही गावी जाणार, मग काय बोलणार? कडी पहिल्यापासूनच खराब होती, एवढं लिहून दे बाळ. बाकी काय हवं ते लिही, पण कुंकवानं खराब झाली असं लिहू नको."

मी हिंदीत सांगितलं की नियम आहेत, मॅडम.

"बरं. मी बसते."

मग दर शनिवारी अकराला, आमचं शटर वर जायच्या आत बाई दारात हजर. दुपारी स्टीलचा डबा उघडायचा आणि परफ्यूम मारलेल्या त्या दुकानात लसणाच्या चटणीचा वास सुटायचा. मॅनेजरने तिला बाहेर काढायला गार्डला पाठवलं. गार्ड निघाला रिटायर्ड फौजी. सुभेदारसाहेबांचं नाव ऐकल्यावर त्याने बाईला रामराम केला आणि प्यायला पाणी आणून दिलं.

त्याहून वाईट म्हणजे ती बाकीच्या गिऱ्हाइकांशी बोलायला लागली. कुणी बॅग हातात घेतली की सोफ्यावरून सूचना यायची, "बहनजी, कडी लगाके चार कदम चलके देखो." फरीदाबादहून आलेली एक बाई खरंच चालली. चौथ्या पावलाला झाकण उघडलं आणि ती बॅग ठेवून निघून गेली.

त्या दिवशी मॅनेजरने सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. मी तशीच तणतणत सोफ्यापाशी गेले आणि तिला पहिल्यांदा मराठीत सुनावलं, की मी तुमची भाची नाही, पुतणी नाही, इथे रोज येऊन तमाशा करू नका, माझी नोकरी जाईल.

ती ऐकून घेत होती. चेहरा असा फुलला की मला आणखीच चीड आली.

"बोलतेस की गं छान," ती म्हणाली. "मग उगाच हिंदी कशाला?"

सहाव्या शनिवारी मॅनेजरने हात टेकले. पैसे परत द्यायचं ठरलं, इंग्रजीत पत्र तयार झालं. त्यात मधेच एक वाक्य होतं: ग्राहकाने घरी लाल रंग लावून वस्तू खराब केली आहे, तरीही केवळ सद्भावनेने पैसे परत देत आहोत. मी म्हटलं, सर, हे काढू या. तो म्हणाला, मग हेड ऑफिसला काय दाखवू? आज सही घे आणि विषय संपव.

बाईला इंग्रजी तेवढं येत नव्हतं. तिने पत्र माझ्याकडे सरकवलं. "तू वाच. मराठीत वाच. तू वाचलंस की झालं."

मी वाचलं. तारीख वाचली, बॅगेचा रंग वाचला, लॉक नीट लागत नव्हतं ते वाचलं, पैसे खात्यात येतील ते वाचलं. मधलं वाक्य गाळलं. मॅनेजर शेजारीच उभा होता, पण दोष त्याचा नाही. मला ती बाई त्या सोफ्यावरून उठायला हवी होती.

"कुंकवाचं काही नाही ना?"

"नाही."

तिने एकेक अक्षर काढत सही केली. तिच्या वाटची प्रत नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली की आज लेकीला जेवायच्या आधी हीच दाखवते, बघू दे म्हणावं. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. हाताला लसणीचा वास होता.

पुढच्या शनिवारी अकराला ती पुन्हा दारात. मॅनेजर सवयीने म्हणाला, बैठिए. ती बसली नाही. सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि घडी घातलेलं पत्र समोर ठेवलं.

"पैसे आले," ती म्हणाली. "हे लेकीनं वाचून दाखवलं मला. तुमचं तुमच्याकडे ठेवा, मॅडम."

आणि गेली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. गार्डने दार उघडलं, त्याला मात्र तिने रामराम केला.

मी आठवडाभर धुसफुसत होते. पैसे मिळाले ना, मग आणखी काय हवं होतं यार? शेवटी एका दुपारी दुकानाच्या कागदावर मराठीत चार ओळी लिहिल्या: लॉक पहिल्यापासून खराब होतं, कुंकवाचा काही संबंध नाही. खाली माझं नाव लिहिलं, सही केली. मला मराठी लिहायची सवय नाही, दोनदा कागद फाडावा लागला. सुट्टी घेऊन कँटोनमेंटला गेले. क्वार्टरमध्ये नवं कुटुंब सामान लावत होतं. सुभेदारसाहेब चार दिवसांपूर्वीच गावी गेले म्हणाले. गावाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीचा पत्ता दुकानात नव्हता, कारण बॅग आईच्या नावावर होती, आणि फॉर्मवरचा आईचा फोन बंद लागत होता.

ते दुकान मी कधीच सोडलं. मी मराठीत लिहिलेला तो कागद माझ्या कपाटात आहे. त्या बाईचा मला अजूनही राग येतो. दुकानात उभी राहून चार शिव्या घालून गेली असती, तर मीही दोन घातल्या असत्या आणि विसरून गेले असते.