मुलाखतीला न आलेली शुभदा

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीनं ऐकतो, पण मानत नाही... आजही नाही. तरी हे लिहितोय, वाचून कुणाला काही सुचलं तर बघावं म्हणून.

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. नोएडात एका नव्या सोसायटीच्या तळमजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे मी आणि माझा पार्टनर अरोरा, बस्स. औषधांचा एक व्यापारी हा आमचा एकमेव मोठा क्लायंट. त्याचा स्टॉकचा प्रोग्रॅम मध्येच बंद पडायचा, आणि आम्हाला चूक सापडत नव्हती. तो सोडून गेला असता तर दुकान गुंडाळावं लागलं असतं. म्हणून पेपरात प्रोग्रॅमरसाठी जाहिरात दिली.

मंगळवारी भर दुपारी शुभदा मुलाखतीला आली. दिल्लीच्या करोल बागेत वाढलेली मराठी मुलगी, पहिलीच नोकरी शोधत होती. अरोरानं सरळ तो अडलेला प्रोग्रॅमच तिच्यापुढे ठेवला. हसत, गप्पा मारत तिनं चूक शोधली, दुरुस्त केली, चहा घेतला. सोमवारपासून ये, म्हणालो.

सोमवारी आली ती दारातच थांबली. चेहरा पार ओढलेला.

"सॉरी सर, मंगळवारी इंटरव्ह्यूला येताच आलं नाही. बाबा हिंदूराव हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होते. जागा भरली का?"

मला वाटलं, थट्टा करतेय. अरोरा हळूच म्हणाला, "आप आयी तो थीं."

तिला कॉम्प्युटरवरची दुरुस्ती दाखवली. तिनं ती दोनदा वाचली. "मी असंच लिहिलं असतं," ती म्हणाली. "पण मी आले नव्हते."

जुळी बहीण वगैरे कुणी नाही. पुढे तिच्या बाबांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं की त्या मंगळवारी पोर माझ्या खाटेपासून हलली नाही. इकडे प्रोग्रॅम मात्र पुन्हा कधी अडकला नाही.

शुभदा आमच्याकडे बरीच वर्षं होती. हा विषय आम्ही टाळायचो. एकदा डबा खाताना तिनंच विचारलं, "सर, त्या दिवशी मी कशी होते?"

"मजेत होतीस. खूप हसत होतीस."

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "बरं झालं. मी तर दिवसभर रडत होते."

हे कसं घडलं, मला अजून कळलेलं नाही. तिलाही नाही.