पिवळं झाकण, चार झाकणं

वेबपानं बनवण्यात वाशीम जिल्ह्यात माझ्या तोडीचा माणूस नाही, हे मीच सगळ्यांना सांगतो. दुसरं कुणी सांगत नाही म्हणून. फवारणीच्या औषधांचं पान मी केलं, तेव्हा ते उघडायला एवढी झुंबड उडाली की मेडशीचा टॉवर चार बोटं वाकला. खरं म्हणजे सात जणांनी उघडलं. त्यात एक माझी ताई, मेडशीला वांगी लावणारी.

आमच्याकडे औषध झाकणाच्या रंगावरून ओळखतात आणि झाकणानंच मोजतात. पिवळ्या झाकणाचं औषध पंपभर पाण्याला एक झाकण. मी तसंच लिहिलं. नाव आणि त्याचा खुलासा, अशा जोड्यांच्या यादीसाठी वेबवर खास खुणा असतात. नावाला डीटी, खुलाशाला डीडी. त्या मी घातल्या. प्रत्येक जोडीभोवती डिव्हचं, म्हणजे जोडी एकत्र बांधून ठेवणाऱ्या खुणेचं, कुंपण घालायचा मात्र कंटाळा केला, आणि पान देखणं दिसावं म्हणून यादी दोन रकान्यांत सोडली.

ताईच्या फोनवर यादी नेमकी जोडीच्या मधून तुटली. ‘पिवळं झाकण’ डाव्या रकान्याच्या तळाला, त्याचं माप उजव्याच्या माथ्यावर. तळाशी नावाच्या शेजारी, उजव्या रकान्यात, आलं भलत्याच औषधाचं माप: चार झाकणं.

ताईनं तेच माप घेऊन वांग्यावर फवारलं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “पानं करपून राह्यले रे. काहून?”

गाडी हाणत गेलो. फुलावर आलेली वांगी, पानांच्या कडा जळून वळलेल्या. मी आधी काय बोललो, ते लिहायला लाज वाटते. म्हणालो, “ताई, तुह्याच वाचण्यात चूक झाली असन.”

तिनं फोन माझ्यापुढं धरला. मी पाहिलं. पिवळं, चार.

“तू लिहिलं म्हनून मी कोनाले इचारलं नाही,” ती म्हणाली.

बांधावर बसूनच मी लॅपटॉप उघडला. एकेका जोडीला डिव्हमध्ये कोंडलं, आतून तुटू नको म्हणून बजावलं. दहा मिनिटांचं काम. तिला दाखवलं. तिनं बोट ठेवून वाचलं, “पिवळं. एक.”

“आता नाही तुटत,” मी म्हणालो.

“बरं झालं. आता हे वांग्याइले वाचून दाखव.”

मी पंपात नुसतं पाणी भरलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक झाड धूत राहिलो. ताई मागून चालत जळालेली पानं खुडत होती.