पाण्याला दाखवू नयेत असे परदे

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या कार्यवाहांनी मला फसवलं. मैदागिनच्या केमिकलवाल्याने नव्हे, आणि मी मंडळाला तर नव्हेच नव्हे. हे आधी लिहून टाकते, कारण बालाजी घाटाच्या वरच्या गल्ल्यांत ही गोष्ट नेमकी उलटी सांगितली जाते आहे.

माझा मंडपाचा धंदा आहे. लग्नात आलेल्या दोन सतरंज्या भाड्याने देऊन सुरू केला, आता गोदाम आहे. बनारसमध्ये बाईने कनातींचा धंदा करायचा तर आवाज मोठा लागतो. तो देवाने दिला. बाकीचं सगळं मी घासाघीस करून मिळवलं.

यंदा गणपतीच्या मागे पांढऱ्या मलमलीचे चुणीदार परदे लावायचे ठरले. समोर समया, आरतीला कापूर, वर हॅलोजन. फायर ब्रिगेडचा साहेब पाहून जाणार आणि त्याने मान हलवली तरच मंडप राहणार. बाजारात आगीपासून बचावाचं म्हणून जे औषध मला मिळालं, त्याने मलमल पापडासारखी कडक झाली. चुण्या पडेचनात. म्हणून शेजारच्या बाईंकडे गेले. त्या रसायनशास्त्र शिकवून रिटायर झाल्या आहेत आणि प्रश्न विचारला की चहा टाकतात.

"सोडियम टंगस्टेट," बाई म्हणाल्या. "बल्बच्या तारेत जो धातू असतो ना, त्याचं मीठ. पाण्यात सहज विरघळतं. कापड त्यात बुडवायचं, वाळवायचं. जाळ लागला तर काळं पडेल, पण भडकणार नाही. आणि मऊ राहील."

"महाग असेल."

"असेल. पण घ्यायला तू जाणार आहेस."

मैदागिनच्या दुकानात वरच्या फळीवर बरणी होती, धुळीने माखलेली. हातात घेतली तर आकाराच्या मानाने भलतीच जड.

"भाभीजी, ये पहले जाँच-घर वाले ले जाते थे. खून की जाँच में लगता था. अब तो सब मशीन से होता है."

"तो अब कौन ले जाता है?"

"अब तो कोई नहीं."

दुकानदाराने हे वाक्य माझ्यासमोर कधी बोलू नये. बरणी घेऊन मी निघाले तेव्हा तो कपाळ पुसत होता.

पहिला घाणा मात्र वाया गेला. बोअरिंगच्या पाण्यात पूड टाकली आणि पाणी ताकासारखं झालं. मी बाईंच्या दारात बादली नेऊन आदळली. त्या हसल्या. "पाण्यातल्या चुन्याने तुझं टंगस्टेट पळवलं. हे झालं कॅल्शियम टंगस्टेट, ते पाण्यात विरघळत नाही. पण एक्स-रे पडला की निळं चमकतं. पूर्वी एक्स-रेच्या फिल्मला हेच चिकटवून ठेवत, म्हणजे कमी किरणांत फोटो निघायचा."

"मग ही बादली एखाद्या डॉक्टरला विकू?"

"आधी फिल्टरचं पाणी घे आणि चिमूटभर फॉस्फेट टाक. म्हणजे वाळल्यावर मिठाचे खडे झडणार नाहीत."

परदे छान झाले. गोदामात मी स्वतः एका चिंधीला काडी लावून पाहिली. कोळशासारखी काळी झाली, काडी विझली, संपलं. देवामागचं कापड आमच्याकडे मंडळाची माणसंच सोवळ्यात लावतात. माझे कारागीर चौथऱ्याच्या बाहेर. म्हणून परदे काकांच्या, म्हणजे कार्यवाहांच्या घरी पोचवले आणि बजावून सांगितलं, "काका, हे पाण्याला दाखवायचे नाहीत. पाणी लागलं की औषध उतरलं."

"अगं, कळतं मला," काका म्हणाले.

एक परदा उरला होता. तो माझ्या माणसांनी परस्पर महाप्रसादाच्या चुलींच्या आडोशाला लावला.

साहेब आले. देवामागच्या परद्याची एक पट्टी कापून त्यांनी काडी लावली आणि ती भसकन पेटली. साहेबांनी हात झटकला. सगळी मंडळी पाहत होती. काका कोरडेपणाने म्हणाले, "पोरी, मिठाचं पाणी मारून देवालाच फसवलंस?"

दुपारपर्यंत लंका मोहल्ल्यातला दुसरा मंडपवाला हजर. माझे परदे गठ्ठा बांधून परत. आणि संध्याकाळी एका मुलीकडच्यांचा फोन, लग्नाचा मंडप रद्द. "आपके काकाजी बता रहे थे…" एवढंच बोलले. आगीच्या बाबतीत एकदा नाव गेलं की मंडपवाल्याकडे कोण येतं?

मी थेट मैदागिनला गेले. दुकानदार समोसा खात होता. त्याला तो खाली ठेवावा लागला.

"सोडा भरके दिया हमको! धोने का सोडा!"

"अरे भाभीजी, गंगा मैया की कसम! जाँच करा लीजिए!"

करून घेतलीच. बाईंच्या ओट्यावर उरलेली पूड पाण्यात टाकली, वर संडास धुण्याचं ॲसिड, आणि जुन्या सेलच्या जस्ताच्या खोळीचा तुकडा. "कपड्यांचा सोडा असता तर ॲसिडनेच फसफसला असता," बाई म्हणाल्या, "टंगस्टेट असेल तर आता निळं होईल." जस्ताभोवती बुडबुडे आले आणि पाणी शाईसारखं निळं झालं. गडद, सुंदर निळं. माल चोख होता. दुकानदाराला मी तसं सांगितलं आणि तो खूश आहे तोवर दुसऱ्या बरणीचा भाव पाडला.

मग परत आलेल्या परद्याची चिंधी तपासली. बुडबुडे आले, निळं काही नाही. चुलीजवळच्या परद्याची चिंधी तपासली. ती निळी. दोन्ही परदे एकाच दिवशी, एकाच टबात बुडवलेले. एक देवामागे गेला, एक चुलीमागे. देवामागच्याचं औषध गेलं.

मी काकूंकडे गेले. काकू वाती वळत होत्या. फार काही विचारावंच लागलं नाही.

"अगं, कोरं कापड, त्यात तुझं ते औषध मारलेलं, देवाजवळ न धुता कसं लावणार? घाटावर नेऊन चांगलं खळबळून घेतलं. स्वच्छ निघालं हो."

"काका होते?"

"होते म्हणजे? पिळत कोण होतं? मला कुठे झेपतंय ते ओझं!"

वाहत्या गंगेत! मूठभर मीठ तिथे कितीसा टिकाव धरणार?

धुण्याला माझा विरोध नाही. माझ्याही घरी देवाचं वस्त्र धुतल्याशिवाय लागत नाही. नुसता निरोप आला असता तर मी पुन्हा बुडवून दिले असते. एका उन्हाचं काम. काकू भोळ्या, त्यांना मी एक शब्द बोलणार नाही. पण काकांना मी सांगितलं होतं. साहेब काडी ओढत होते तेव्हा ते माझ्या शेजारी हातभर अंतरावर उभे होते.

परवा गल्लीत भेटले. म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. देवाच्या कामात मनाला लावून घेऊ नये."

"मिळालंच, काका. तुम्हीच मिळवलंत," मी म्हटलं. ते देवळाकडे वळले.

या रविवारी मंडळाची सभा आहे. मी चुलीजवळचा परदा आणि काड्यापेटी घेऊन येणार आहे. भरपाई नको, हार नको, पुढच्या वर्षीचं कामही देऊ नका. ज्या माणसांसमोर मला देवाला फसवणारी म्हणालात, त्याच माणसांसमोर उभे राहा, काका, आणि उत्तर द्या: परदे कोणी धुतले, आणि पट्टी पेटली तेव्हा ते तुम्ही का सांगितलं नाहीत?