चष्म्याची खूण

कर्णेकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको ‘अहो’ म्हणायची, सून ‘बाबा’, आणि उरलेलं गाव, सगळ्या पक्षांसकट, ‘कर्णेकाका’. माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णे भाड्याने देण्याचा त्यांचा धंदा. लग्नाचा दर वेगळा, सभेचा वेगळा. सभेचा जास्त, कारण लग्नात बोललेलं लोक काही वर्षं तरी पाळतात, असं त्यांचं म्हणणं.

व्यासपीठाच्या मागे लोखंडी खुर्चीत बसून त्यांनी इतके पुढारी पाठमोरे पाहिले होते की, नुसत्या पाठीवरून माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय हे आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. तो तपासण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

या धंद्यात एक खूण ठरलेली होती. सभेत कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की वक्त्याने चष्मा सारखा करायचा आणि काकांनी हळूच वायर ढिली करायची. मग ‘तांत्रिक बिघाड’ जाहीर व्हायचा आणि प्रश्न विचारणारा घसा बसेपर्यंत ओरडून घरी जायचा. सत्ताधारी आणि विरोधक यांचं गावात एवढ्या एकाच बाबतीत एकमत होतं. डोळे धड असलेल्या दोघातिघांनी तर मुद्दाम बिननंबरचे चष्मे करून घेतले होते.

अपवाद एकच, मास्तर. त्यांचा फोटो काकांच्या दुकानात अजून आहे. कागदाचा कारखाना बंद पडला तेव्हा ऐन निवडणुकीत मास्तर कामगारांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “कारखाना आता सुरू होणार नाही. होईल असं सांगून मी तुमची मतं घेणार नाही. दुसरं काम शोधायला मात्र तुमच्याबरोबर दारोदार फिरेन.” समोरून बूट आला. मास्तरांचा चष्मा उडून खाली पडला. त्यांनी त्याला हात लावला नाही, बोलत राहिले. काकांनी वायरीवरचा हात मागे घेतला. मास्तर ती निवडणूक सपाटून हरले आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच दारोदार फिरले.

ही गोष्ट काका जेवताना सांगायचे. मुलगा जांभई द्यायचा. सून मात्र मन लावून ऐकायची. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून ती नगरसेविका झाली, तेव्हा काका भेटेल त्याला सांगत सुटले. या गोष्टीचा परिणाम घरापर्यंत येऊ शकतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

निवडणूक तोंडावर आलेली असताना एका संध्याकाळी ती ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, “टेकडीवरच्या वस्तीत नळ आहेत, पण पाणी नाही. आपल्याकडे रोज येतं. आपण दिवसाआड घेतलं तर त्यांनाही पुरेल. रविवारच्या वॉर्डसभेत तसा ठराव मांडणार आहे.”

“त्यांची मतं तरी तुला आहेत का?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही आई. त्यांचा वॉर्ड वेगळा.”

“मग झालंच! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.”

“बाबा, तुम्ही सांगा ना यांना.”

काका ताटात बघत म्हणाले, “निवडणूक झाल्यावर मांडलंस तर?”

“मास्तर निवडणूक झाल्यावर बोलले होते का?”

काकांना ठसका लागला. धैर्य हा गुण त्यांना मनापासून आवडायचा. तो आपल्याच स्वयंपाकघरात येऊन बसेल असं मात्र वाटलं नव्हतं. शिवाय बूट कसा येतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

रविवारी शाळेच्या पटांगणात सभा भरली. सुनेने पाण्याचं सांगितलं, सरळ, आडवळण न घेता. पटांगणात गलका उठला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. त्या सासूबाई होत्या.

“मी सासू म्हणून नाही, मतदार म्हणून विचारते. ज्या दिवशी पाणी नाही, त्या दिवशी भांडी कोण घासणार? नगरपालिका?”

टाळ्या पडल्या. सुनेला दरदरून घाम फुटला होता. नाकावरून घसरलेला चष्मा तिने बोटाने वर सरकवला. खुणेचं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. पण काकांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने चालला. माइक बंद.

“तांत्रिक बिघाड!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

सून मागे वळली. “बाबा, वायर निघालीय वाटतं.”

वायर काकांच्या चिमटीत होती. बिघाड मोठा आहे म्हटलं असतं तर सभा उधळली असती, तिच्यावर बोल आला नसता, आणि निवडणूक झाल्यावर बघता आलं असतं. ती पुन्हा लोकांकडे तोंड करून उभी राहिली. काकांनी तिची पाठ पाहिली आणि वायर खोचली. “चालू आहे, बोल,” ते पुटपुटले आणि ते अख्ख्या पटांगणाला ऐकू गेलं.

“आई, आदल्या दिवशी पिंप भरून ठेवू. त्या दिवशीची भांडी मी आणि तुमचा मुलगा घासू. बाकीच्या घरांत कुणी घासायची ते त्या त्या घराने ठरवावं. तेवढा अधिकार मला नाही.”

आधी बायका हसल्या, मग पुरुषांना हसावं लागलं.

“उद्या शब्द फिरवलास तर?”

“माइकवर बोललेय, आई. सगळ्या वॉर्डाने ऐकलंय.”

सासूबाई खाली बसल्या. कुणी जयजयकार केला नाही, कुणी बूटही फेकला नाही. हात वर झाले ते कुरकुरत, पण ठराव मंजूर होण्यापुरते झाले.

निवडणुकीत ती काठावर निवडून आली. मास्तरांएवढं मोठं होण्याची संधी थोडक्यात हुकली, असं काका म्हणतात. चष्म्याची खूण त्यांनी बंद केली, दर तोच ठेवला. त्यामुळे दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन तक्रार केली. हे त्यांचं दुसरं एकमत. मुलगा भांडी घासतो. कढया मात्र सासूबाई पुन्हा घासतात.

परवा टेकडीवर एक लग्न होतं. काकांनी खांबावर कर्णे बांधले आणि घाम पुसत खाली उतरले. घरातल्या बाईने न मागता तांब्या-पेला आणून पुढे ठेवला.

“घ्या काका, पोटभर प्या. आज पाण्याची पाळी आमची आहे.”

काका दोन पेले प्यायले आणि तिसरा मागितला. घरी त्या दिवशी पाणी नव्हतं.