डावीकडचा आवाज बारीक आहे

हे किस्से मी सांगतोय त्याच क्रमानं घडले, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. कदम सरांना विचाराल तर ते किमती बदलून सांगतील, सलीमभाई माणसं बदलून सांगतील. माझं वय आता चौऱ्याहत्तर. कालची गोळी घेतली की नाही, हे मला पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या बघून ठरवावं लागतं.

तरी सांगतो, कारण असे किस्से न मागता साठत जातात. गंगाखेडच्या बसस्टँडसमोर सलीमभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावर एकाच कॉलेजातून रिटायर झालेले आम्ही तिघं दर शनिवारी जमतो. कॉमर्सचे कदम सर, मराठीचे वाव्हळे सर आणि फिजिक्सचा मी. चहा होतो, राजकारण होतं, आणि मग कुणीतरी मोबाइल माझ्यापुढं धरतं, "सर, ह्यातलं कुठलं घेऊ?"

हेडफोनचा विषय असला की माझ्याकडंच बघायचे, कारण माझी पीएच.डी. ध्वनीवर आहे. ती ज्या ध्वनीवर आहे तो माणसाला ऐकूच येत नाही, हे मी कितीदा तरी सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही. खरं सांगायचं तर मीही फार ताणून धरलं नाही. तज्ज्ञ म्हटलं की बरं वाटतं.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण यातच वाव्हळे सरांचा डावा कान गेला, आणि त्यात माझा हात किती, हे मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. म्हणून आधी हलकंफुलकं सांगून घेतो.

*

पहिलं गिऱ्हाईक सलीमभाईच. मशीनवर दोन्ही हात गुंतलेले असताना फोन घेता यावा, एवढीच त्यांची गरज. बजेट साडेतीनशे, त्यावर एक रुपयाही नाही.

मी त्यांना म्हणालो, घाई करू नका, मी अभ्यास करून सांगतो. घरी बसून मी चार पानांचा तक्ता केला. बॅटरी किती तास, माइक कसा, वॉरंटी कुणाची, घामानं खराब होतो का. एकेका रकान्यावर मला शंका यायची आणि मी तो खोडून पुन्हा भरायचो. पंधरा दिवसांनी तक्ता घेऊन दुकानात गेलो आणि म्हणालो, ह्याच्या दोन प्रती काढा, एक तुम्हाला, एक मला.

त्यांनी निवांत आठ पानं काढली, स्टेपल मारली आणि माझ्या हातात दिली.

"सोळा रुपये झाले, सर. तुमच्याकडून काय घ्यायचे? माल तर मी त्याच दिवशी स्टँडवरून घेतला."

मग मला त्यांच्या गळ्यातला हेडफोनचा निळा पट्टा दिसला. मी बोलत होतो तेव्हा एका कानात कुणाचा तरी फोन चालूच होता.

*

कदम सरांना बजेट विचारलं तर त्यांना राग आला. गोदाकाठचा ऊस, मुलगा पुण्यात, त्यांना काय विचारायचं? "सगळ्यात भारी कोणता ते सांगा," म्हणाले. मला तर हायसं वाटलं. वीस हजाराच्या वरचा, बाहेरचा आवाज बंद करणारा, कानावर उशीसारखा बसणारा मी निवडून दिला. इंजिनाची घरघर जाईल, माणसाची हाक थोडीफार येत राहील, असंही समजावून सांगितलं. ते आत कीर्तन मोठ्यानं लावून बसतील, हे माझ्या तक्त्यात नव्हतं.

एका दुपारी उसाला पाणी लावून ते बांधावर बाभळीखाली बसले. पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या कापसात शिरलं. शेजारी लांबून ओरडला, मग जवळ येऊन ओरडला, शेवटी समोर उभा राहून त्यानं हात जोडले.

कदम सरांनी बसल्या जागेवरून हसतमुखानं उलट नमस्कार केला.

त्या शनिवारी त्यांनी हेडफोनचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "सर, शांतता एक नंबर हाय. पण शेजाऱ्यापुरता आवाज येईल असं काही न्हाई का ह्यात?"

आता तो वहिनी वापरतात. कदम सर बोलायला लागले की त्या आधी तो डोक्यावर चढवतात, असं ऐकतो.

*

माझं स्वतःचं बजेट दोन हजार. गेली सहा वर्षं मी निवडतो आहे. एखादा ठरवावा तर खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, तीन महिन्यांत बंद पडला. दुसरा ठरवावा तर आणखी कुणी लिहितो, कान दुखतात. चांगलं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही आणि वाईट लिहिणाऱ्यांचं ऐकल्यावर झोप लागत नाही.

एकदा मी बायकोला म्हणालो, उद्या नक्की ठरवतो. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हाही 'कळवतो' म्हणून गेला होतात. सव्वा महिन्यानं कळवलंत. माझ्या वडलांनी तोवर दुसरं स्थळ बघितलं होतं."

हे दुसरं स्थळ मला पहिल्यांदाच कळत होतं. कोण होता, काय करायचा, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

*

वाव्हळे सर सोनपेठचे. शनिवारी एसटीनं यायचे, अजूनही येतात. त्यांना हेडफोन कशाला हवा, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांच्या वस्तीतल्या बायका दळताना बाबासाहेबांवर ओव्या म्हणायच्या. सरांनी तरुणपणी त्या कॅसेटवर घेतल्या होत्या, आता पुतण्यानं त्या मोबाइलवर उतरवून दिल्या होत्या. म्हणणाऱ्या सगळ्या वारल्या. सरांना त्या वहीत लिहून काढायच्या होत्या.

"दोघी म्हणायलेत, सर. एक पुढं, एक मागं. पुढचीचं समदं कळतं. मला मागचीचे शब्द पाहिजेत."

बजेट अठराशे. मी एवढ्या मनापासून कुणासाठीच शोधलं नव्हतं. ऑनलाइन ऑर्डर द्यायला ते घाबरत होते, म्हणून माझ्या खात्यावरून मागवला, पत्ता सोनपेठचा दिला. पार्सल थेट त्यांच्या घरी गेलं.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. "सर, डावीकडचा आवाज जरा बारीक हाय."

आज लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. हा तर माझा प्रांत! दोन बाजूंचे स्पीकर सारख्या ताकदीचे निघत नाहीत, हे मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. परत पाठवू म्हणालो. डबा चेपला, स्टिकर निघालं तर परत घेत नाहीत, म्हणून एसटीतून इकडं आणू नका, असंही बजावलं. त्यामुळं तो हेडफोन मी एकदाही माझ्या कानाला लावला नाही.

दुसरा आला. डावीकडचा बारीक.

तिसरा आला. डावीकडचा बारीक.

शनिवारी कदम सर हसून म्हणाले, "ह्या कंपनीला डाव्याचं काय वाकडं हाय?" मी मात्र कागद घेतला आणि तीन नग एकाच बाजूनं खराब निघण्याची शक्यता किती, ते काढून दाखवलं. ती इतकी कमी आली की मी ठामपणे सांगितलं, विकणारा लबाड आहे, परत आलेला एकच नग पुन्हा पुन्हा पाठवतो. वाव्हळे सर मान डोलवत होते. मी डावीकडं बसलो होतो, म्हणून ते खुर्ची वळवून बसले होते, हे मला तेव्हा दिसलं. त्याचा अर्थ लागला नाही.

सलीमभाई मशीनवर कुणाचं आधारकार्ड काढत होते. त्यांनी आपल्या गळ्यातला निळा पट्टा काढला, रुमालानं पुसला आणि वाव्हळे सरांच्या कानांत बोंडं बसवली. गाणं लावलं.

"डावा बारीक?"

"हां."

त्यांनी बोंडांची अदलाबदल केली. डाव्या कानातलं उजव्यात, उजव्यातलं डाव्यात.

"अब बोलो. कौनसा बारीक?"

 वाव्हळे सरांनी हळूच डाव्या कानाला हात लावला. मी माझा शक्यतेचा कागद घडी करून खिशात ठेवला.

*

सोमवारी मीच त्यांना परभणीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. बंद खोलीत बसवून तपासणी झाली. डाव्या कानाची रेघ कागदावर तळाला गेलेली होती.

डॉक्टर तरुण आणि शांत होते. म्हणाले, कान असा एकाएकी जातो कधीकधी, कारण सापडतंच असं नाही. पहिल्या पंधरा दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर बऱ्याच जणांचा थोडाफार परत येतो. उशीर झाला की आशा कमी. मग विचारलं, "नक्की कधीपासून?"

 पहिल्या तक्रारीला महिना उलटून गेला होता. तो सगळा महिना मी पार्सलं परत पाठवण्यात घालवला होता.

वाव्हळे सरांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "वर्ष झालं असंल, साहेब. लय दिवसांचं दुखणं हाय. मीच अंगावर काढलं."

"पण हेडफोन नवा आला तेव्हा पहिल्या दिवशी नीट ऐकू आलं का?"

"न्हाई. पयल्या दिवसापासून बारीकच होतं."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मीही मान हलवली. माझी आठवणही तशीच होती, पार्सल आलं आणि लगेच तक्रार आली. डॉक्टर म्हणाले, मग कान तेव्हाच गेलेला असणार, ह्या महिन्यानं काही फरक पडला नाही. तरी गोळ्या लिहून दिल्या. गुण आला नाही.

परतताना एसटीत वाव्हळे सर खिडकीकडं, मला त्यांच्या उजव्या बाजूला ठेवून बसले.  पोखर्णी फाटा आला तेव्हा तेच म्हणाले, "तुमी कशाला तोंड पाडायलात? तुमच्यामुळं तर कळलं." त्यांचं हे बोलणं मी फार दिवस औषधासारखं वापरलं.

*

वही त्यांनी पुरी केली. एका कानानं मागची बाई पुढचीपासून वेगळी काढता येत नव्हती, म्हणून मी म्हणालो, मी ऐकतो, मी लिहितो. एक अख्खा आठवडा मी त्या ओव्या ऐकल्या आणि स्वच्छ अक्षरात सहा पानं लिहून नेली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि त्यांना हसू आवरेना.

"सर, हे लय शुद्ध झालं. आमच्या बायका असं बोलत न्हवत्या."

ती पानं त्यांनी जपून ठेवली, पण वहीत घेतली नाहीत. सलीमभाईंनी वहीच्या चाळीस प्रती काढल्या, पैसे घेतले नाहीत. पहिली नऊ पानं दोन्ही बायकांच्या शब्दांनी भरलेली आहेत. दहाव्या पानापासून मागच्या बाईच्या जागी नुसत्या रेघा आहेत. कदम सरांनी चाळून विचारलं, "पुढं कंटाळा आला का, वाव्हळे सर?"

"हां, आला जरा," ते म्हणाले.

मी ती वही दोनदा वाचली. रेघा दहाव्या पानापासूनच का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी शुद्धलेखनावर खुणा करत बसलो.

*

या सगळ्याला चार वर्षं होऊन गेल्यावर मी फोन बदलला. जुन्या खात्यातलं काय ठेवायचं, काय पुसायचं, हे ठरवत एका दुपारी सगळ्या जुन्या ऑर्डरी चाळत होतो. वाव्हळे सरांच्या हेडफोनखाली माझ्या नावानं लिहिलेला एक अभिप्राय निघाला. पाच तारे. मी कधी काही लिहिल्याचं मला आठवेना.

वाचल्यावर आठवलं. पार्सल आल्यावर त्यांचा फोन आला होता. हे कंपनीला कळवा, म्हणाले होते, आणि ते बोलत गेले तसे त्यांचे शब्द मी टाइप केले होते.

"दोन्ही कानांला अगदी सारखं ऐकू यायलंय. मागं म्हणणारी माझी आत्या हाय, आज कळलं. तिचा शब्द न् शब्द लागायलाय. लय आभारी हाय."

मी तारीख पाहिली, मग परतीच्या नोंदींची पाहिली. चष्मा पुसून दोन्ही पुन्हा पाहिल्या. पहिला हेडफोन परत पाठवल्याची नोंद त्यानंतर नवव्या दिवशीची आहे.