वाडीवर दवाखाना येतो तेव्हा

आमच्या गाडीत औषधांना चौदा कप्पे आहेत, किश्श्यांना एकही नाही. त्यामुळे ते माझ्याबरोबर सीवूड्सला घरी येतात. दार उघडल्या उघडल्या नवरा विचारतो, "आज काय झालं?"

मी फिरत्या दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. सकाळी पावणे गावातून गाडी निघते आणि पनवेलच्या पलीकडच्या डोंगरात, आदिवासी वाड्यांवर जाते. आम्ही चौघं: साठी ओलांडलेल्या डॉक्टर शुभदामॅडम, लातूरकडच्या कांबळे सिस्टर, उलव्याचे ड्रायव्हर हसुरामदादा आणि मी.

* * *

पहिल्या दिवशी वाडीवर कोणी जवळच येईना. "सुया टोचायला आलेत," ही बातमी आमच्या आधी पोचलेली! सगळे लांब झाडाखाली उभे.

शेवटी हसुरामदादा स्टुलावर जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "मॅडम, पयला माजा बीपी मोजा! बगा रं, काय व्हत नाय!"

मॅडमनी मोजला. परत मोजला. एकशे नव्वद!

त्यांनी गुपचूप गोळी दिली. लोकांची भीड चेपली, दुपारपर्यंत रांग लागली. निघताना मात्र मॅडमनी हात पुढे केला. "चावी द्या."

"कशाला?"

"तुम्ही आजचे पहिले पेशंट. मागे आडवे व्हा."

मॅडमकडे मोठ्या गाडीचं लायसन्स आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं! घाट संपेपर्यंत पेशंट मागून ओरडत होता, "ब्रेक! मॅडम, ब्रेक!"

* * *

बुधीआजीला बीपीच्या महिनाभराच्या गोळ्या दिल्या. आठवड्याने गेलो, तर पाकीट रिकामं.

"सगळ्या खाल्ल्या?" सिस्टर किंचाळल्याच.

"नाय गं, वाटल्या! औषध चांगलं हाय, मी एकलीच कशी खाऊ?"

सिस्टर तडक उठल्या. भर उन्हात त्या घरोघर गेल्या. कोणी खाल्ली, कोणी ठेवली, चक्कर आली का, सगळं विचारलं. प्रत्येकाचा बीपी मोजला, उरलेल्या गोळ्या परत घेतल्या. दोन तास! माणसं सगळी ठणठणीत. फक्त एक गोळी सापडेना.

"ती बकरीला दिली," आजी म्हणाली. "लई उड्या मारायची."

सिस्टरनी स्टेथोस्कोप उचलला आणि निघाल्या बकरीकडे!

* * *

ताई नावाची एक बाई यायची. चाळिशीची असेल. तक्रार एकच, गुडघा दुखतो. मॅडम तपासायच्या, काही सापडायचं नाही. मी मलम द्यायचे, ती जायची.

तिसऱ्या खेपेला सिस्टरनी गाडीचा पडदा ओढला. मला बाहेर जायला सांगितलं. "गुडघा बघून झाला, बाय. आता खरं काय ते बोल."

ताई बराच वेळ रडली. मग सिस्टरचा हात धरून तिने स्वतःच्या छातीवर ठेवला. गाठ होती. घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुढचं सगळं सिस्टरनी केलं. नवऱ्याला समजावलं, शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशनच्या दिवशी सुट्टी टाकून बाहेर बाकावर बसून राहिल्या. गाठ वेळेत सापडली, ताई वाचली.

वर्षभराने ती लंगडतच गाडीपाशी आली. "सिस्टर, शप्पत! आज गुडघाच दुखतोय!"

* * *

एकदा रस्ता खचला. वाडी तासभर वर, गाडी खाली. परत फिरावं म्हणून दादा रिव्हर्स घेतायत, तोच डोंगरावरून बायका उतरल्या. कोणी विचारायच्या आत औषधांचे खोके डोक्यावर! एकजण मॅडमना म्हणाली, "तुमी बसा, तुमाला पन नेतो उचलून."

"मी चढते की!" म्हणत मॅडम निघाल्या. वर पोचल्या तेव्हा चांगलीच धाप लागली होती. बायकांनी त्यांना बसवलं, वारा घातला, गुळाचं पाणी दिलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "डॉक्टर तपासाया आलीय का तपासून घ्याया?"

* * *

आणि हा धर्माभगत. झाडफूक करणारा. आमची गाडी आली की समोरच्या ओट्यावर पाठ करून बसायचा. मॅडम दर खेपेला त्याच्याशेजारी बसून चहा प्यायच्या. एकच सांगायच्या, "तुमचं तुम्ही करा, मी नाही म्हणत नाही. पण साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, पाय हलू देऊ नका. आधी हॉस्पिटल." तो ऐकून घ्यायचा. हो नाही, की नाही नाही.

एका दुपारी आम्ही घाट चढत होतो. समोरून बाईक आली, हॉर्न वाजवत, सुसाट. चालवतोय भगत! मागे एक बाई, मध्ये दहा-बारा वर्षांची पोर. तिच्या पायाला काठी लावून फडक्याने सैल बांधलेली.

"घोणस!" एवढंच बोलला.

पोरीला आत घेतलं. मॅडमनी सलाईन लावलं, हॉस्पिटलला फोन केला, दादांनी गाडी वळवली. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे तयार होतं. तीन दिवस आम्ही आळीपाळीने हॉस्पिटलला फोन करत राहिलो. चौथ्या दिवशी पोर उठून बसली, वडापाव मागायला लागली.

पुढच्या आठवड्यात वाडीवर गेलो. भगत ओट्यावरच होता, पण तोंड आमच्याकडे. मॅडमनी त्याला हात जोडले. मग न राहवून विचारलं, "धर्मादादा, खरं सांगा. त्या दिवशी मंत्र नाहीच म्हटलात?"

भगत दुखावलाच. "म्हटलं की! सगळं म्हटलं, एक पन सोडला नाय. पन बाईक नाय थांबवली!"