केतकीचा रेकॉर्डर आणि वंदनाची खोली

देवाजवळची वाळलेली फुलं टाकवत नाहीत आणि ठेवायची कुठे तेही कळत नाही, तसं माझं या किश्श्यांचं झालंय. वर्षभरात इतके साठले की सत्यनारायणाला आलेल्या मैत्रिणी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन मांडी ठोकून बसतात आणि म्हणतात, "हं, सांग आता!" नावं सगळी बदललेली आहेत, हे आधीच सांगते. नाहीतर केतकी रागावेल.

केतकी माझ्या गिरगावच्या नणंदेची मुलगी. सासरी मार खाल्लेल्या बायका न्याय मागायला निघाल्या की वाटेत त्यांना काय काय भेटतं, हा तिचा पीएचडीचा विषय. "मला आकडे नकोत मामी, त्यांच्या तोंडून ऐकायचंय," म्हणाली. पण बाया बोलणार कुठे? घरी नवरा, चाळीच्या गॅलरीत शंभर कान.

मी म्हटलं, "मार्गशीर्षातला गुरुवार धर. माझ्याकडे हळदीकुंकवाला येते म्हटलं की लालबागमध्ये कुठल्याच बाईला कुणी अडवत नाही."

तसंच झालं! बाहेरच्या खोलीत महालक्ष्मीचा घट मांडलेला, आत ओट्यापाशी केतकीचा रेकॉर्डर. तिच्या गाईडने विचारलं, "या सहभागी महिला तुला मिळाल्या कशा?" केतकी म्हणाली, "सर, लक्ष्मीने पाठवल्या."

* * *

पहिल्या मुलाखतीनंतर केतकी कानाला हेडफोन लावून टाइप करत बसली आणि थोड्या वेळाने कपाळाला हात लावला.

"मामी, संशोधनात आपण मध्ये बोलायचं नसतं."

"मी कुठे बोलले?"

"तुम्ही एकवीस वेळा 'अरे देवा' म्हणालात!"

शब्द न् शब्द उतरवायचा असा तिचा नियम, त्यामुळे ते एकवीसही कागदावर आले. पुढच्या वेळी मी तोंडात वेलदोडा धरून बसले. तरी सुटलंच. ती बाई सांगत होती, नवऱ्याने तिचा हात दारात चेपला, आणि दवाखान्यात तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, पाट्यावर पडले. वेलदोडा काय करणार त्याला!

* * *

अभ्यासात खरं नाव लिहायचं नसतं, म्हणून प्रत्येकीने आपल्यासाठी एक खोटं नाव निवडायचं. एकीने क्षणभरही विचार न करता सासूचं नाव सांगितलं.

"ताई, असं का?" केतकीने विचारलं.

"कागदावर तरी एकदा सोसू दे तिला!"

तिच्यानंतर आली ती भोईवाड्याकडच्या चाळीत राहणारी. खरं तर राहिलेली. अकरा वर्षं संसार केला आणि एक दिवस नवऱ्याने तिला आणि आठ वर्षांच्या सईला बाहेर काढून खोलीला कुलूप ठोकलं, स्वतः शीवला बहिणीकडे राहायला गेला. मायलेकी रे रोडला मावशीकडे, पाच माणसांत दोन जास्तीच्या.

"मला वंदना म्हणा," ती म्हणाली. "आमच्या वर्गात पहिली यायची ती वंदना."

बोलता बोलता तिला रडू आलं. केतकीने नियमाप्रमाणे रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे ना चालू, ताई. कोर्टात रडलेलं लिहून घेत नाहीत. तुम्ही तरी घ्या."

केतकीचा शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असे: तुमच्या मते न्याय म्हणजे काय? बाकीच्या उलट तिलाच विचारत, "म्हणजे काय, ताई?" वंदनाने लगेच सांगितलं, "माझी खोली. आणि तिची कडी मी आतून लावायची."

* * *

पोलीस चौकीत वंदनाबरोबर आम्ही दोघी गेलो. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"काकू."

"सख्ख्या?"

"आता झालेच."

ते वंदनाकडे वळले. "मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना. नवरा-बायकोत होतंच."

वंदना म्हणाली, "साहेब, करते ना अ‍ॅडजस्ट. पण आत जाऊ तर दे म्हणावं त्याला!"

मागे बसलेली कॉन्स्टेबल बाई खुदकन हसली. निघताना तिने हळूच एक चिठ्ठी वंदनाच्या हातात ठेवली. संरक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसचा पत्ता. तक्रार कोर्टापर्यंत नेणारी ती सरकारी बाई कुठे बसते, हे चार महिन्यांत तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

* * *

मग कोर्टाच्या तारखा. मी देवापुढे पाणी सोडलं, वंदना तिच्या खोलीत जाईपर्यंत चहा घेणार नाही.

वंदना म्हणाली, "काकू, तुमचा चहा सुटला हे जजसाहेबांना कुणी कळवलं का?"

पहिल्या तारखेचं मात्र सांगायलाच हवं. कोर्टाच्या दाराशी पोचले, आत उंच आसन, सगळे गप्प उभे. सवयीने मी चपला बाहेर काढल्या. थोड्या वेळाने शिपायाचा आवाज आला, "ओ, हे देऊळ हाय काय?" वळून बघते तर माझ्या चपलांशेजारी सात-आठ जोड! मागून आलेल्या प्रत्येकीला वाटलं, इथे अशीच पद्धत असणार. कुणी विचारलं नाही, की कुणी सांगितलं नाही.

केतकी हसली, मग वही काढून लिहीत बसली, आणि लिहिता लिहिता तिचं हसू गेलं.

त्या दिवशी आमचं नाव पुकारलंच नाही. चप्पल घालताना वंदना म्हणाली, "देवळातली रांग निदान पुढे तरी सरकते."

* * *

आदेश निघाला तो चैत्रात. वंदना आणि सईने खोलीत राहायचं, नवऱ्याने तिकडे फिरकायचं नाही, कुलूप तोडायची परवानगी. मी म्हटलं, झालं! पण आदेश कागदावर होता आणि कुलूप दारावर.

ठरलेल्या दिवशी तीच कॉन्स्टेबल बाई आली, संरक्षण अधिकारी आल्या, चावीवाला आला. पंचनाम्याला दोन पंच हवे होते.

मी पुढे झाले. "तुम्ही तिच्या बाजूच्या," कॉन्स्टेबल बाई म्हणाली. "चाळीतलेच हवेत."

गॅलरीत सगळी चाळ उभी. कुणी कठड्याकडे बघतंय, कुणी मोबाइलमध्ये. चावीवाला हातोडी घेऊन थांबलेला. सईने आईचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. पंच मिळाले नाहीत तर सगळे परत जाणार, पुन्हा नवी तारीख. मी मनात देवाचं नाव घेत होते, वेलदोड्याशिवाय.

भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीतले गावकर आजोबा उठले. केतकीने शेजारी म्हणून मुलाखतीसाठी दोनदा विचारलं तेव्हा, "माका काय ठावक नाय," म्हणून दार लावून घेणारे हेच.

"या घरात काय काय पाहिलंत, आजोबा?" कॉन्स्टेबल बाईने पेन उघडलं.

"बघूक मी काय नाय," आजोबा म्हणाले. "आयकलंय. अकरा वर्सां ह्या भितीतसून आयकतंय. लिवा तसा."

शेजारची एक बाई ओले हात पुसत पुढे आली. "दुसरं माझं नाव घाला."

दोन घावांत कुलूप पडलं.

मी घरून तयारीनेच गेले होते. नव्या नवरीसाठी ठेवतात तसं तांदळाने शिगोशीग भरलेलं माप उंबरठ्यावर ठेवलं. म्हटलं, "वंदना, पायाने लवंड आणि लक्ष्मीसारखी आत ये."

तिने मापाकडे पाहिलं. मग वाकली, एक दाणा सांडू न देता दोन्ही हातांनी ते उचललं, उंबरठा ओलांडला आणि सरळ ओट्याकडे गेली.

आतून आवाज आला, "सई, कुकर कुठे आहे बघ. आणि आजोबांना म्हणावं, जेवूनच जा."